रविवारपर्यंत एक बेट

गुरुवारी संध्याकाळी आमच्या पिंप्राळ्याच्या घरात मतदान झालं. नाताळच्या सुट्टीत समुद्रातल्या एखाद्या बेटावर जायचं एवढं ठरलं होतं. कोणत्या, ते काही केल्या ठरत नव्हतं. नातीने वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या थाटात एकेक उघडून वाचली. मुलाचं मत अंदमानला. सुनेचं बालीला, कारण कॉलनीतल्या दोघी तिथे जाऊन आल्यात आणि त्यांचे फोटो अजून संपलेले नाहीत. नातीचं स्वतःचं लक्षद्वीपला. तीन माणसं, तीन बेटं. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मेथी निवडत होते.

“आजी, तुझं मत राहिलं.”

“मला कुठे चिठ्ठी दिलीस?”

“तुला चिठ्ठी नाही. तू म्हणशील ते फायनल. बेटपण तूच सांगायचं आणि किती जणं तेपण. रविवारी तिकिटं काढायचीत.”

“किती जणं म्हणजे?”

मुलगा फोनमधून मान वर न काढता म्हणाला, “म्हणजे आबा येतात का ते. तूच विचार. आम्ही विचारलं की ते केळी सांगतात.”

आबा म्हणजे माझे यजमान. वय शहात्तर, मुक्काम यावलकडे आमच्या गावी, केळीच्या बागेत. मी सात वर्षांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर म्हणून मुलाकडे आले ती राहूनच गेले. नात लहान होती, सुनेची नोकरी होती, आणि खरं सांगायचं तर मला नळाचं पाणी आवडलं. हे आठवड्यातून एकदा येतात, जेवतात, डुलकी काढतात आणि चार वाजले की “पाणी द्यायचं आहे” म्हणून उठतात. ठिबकची नळी आपोआप पाणी देते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. कोणी बोलत नाही.

एवढ्याशा गोष्टीत या म्हातारीचं काय अडलं, असं तुम्हाला वाटेल. अडलं ते असं. मला बेट बघायचं आहे, हे मी सतराव्या वर्षापासून सांगत आले आहे. एकदा, पस्तीसेक वर्षांपूर्वी, अगदी निघायची वेळ आली आणि मी गेले नाही. तेव्हापासून भेटेल त्याला सांगते, की केळीने अडवलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं पुढे सांगते, जरा धीर धरा. आता एकाहत्तराव्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा दारात येऊन बसला होता: ह्यांच्याशिवाय जायचं, का पुन्हा नाही जायचं. उत्तर रविवारपर्यंत द्यायचं होतं.

आधी त्या सतरा वर्षांच्या पोरीबद्दल. ती मीच, पण तिची बाजू मी घेणार नाही.

माझं माहेर धरणगावचं, कापसाचं. दिवाळीनंतर आमच्या घरात माणसांना जागा नसे. ओसरीत कापूस, मधल्या खोलीत कापूस, आमटीत कापसाचा तंतू. जिनिंगच्या ऑफिसातून वडिलांनी एकदा एक कॅलेंडर आणलं. वर एकच मोठं चित्र आणि खाली बारा महिन्यांची फाडायची पानं. चित्रात निळा समुद्र, त्यात एक बेट, बेटावर पांढरी वाळू, वाळूवर वाकलेला माड आणि माडाच्या बुडाशी केळीची चार झाडं. वर्ष संपलं, पानं संपली, चित्र मी उतरवू दिलं नाही. कापसाच्या ढिगावर पडून त्याच्याकडे बघत बसे. समुद्र निळा असतो म्हणतात आणि इथे सगळं पांढरं, म्हणून मला रडू येई. खायला-प्यायला मिळत होतं, दुसरं दुःख नव्हतं, म्हणून हे एक धरून ठेवलं होतं.

एकोणिसाव्या वर्षी दोन स्थळं आली. एक धुळ्याचं. मुलगा कारकून, ऑफिस पक्कं, रविवार सुट्टीचा, वर्षाला हक्काची रजा, प्रवासाची सवलत. दुसरं यावलकडचं, बारा एकर केळी. वडिलांचा कल धुळ्याकडे होता. पण माझ्या डोळ्यांपुढे चित्रातली ती चार झाडं. केळी तिथे पाणी, पाणी तिथे समुद्र, असा विचार त्या पोरीने केला. भूगोलात तिला चांगले मार्क होते, हे विशेष.

यावलची माणसं बघायला आली. मला वर्तमानपत्र वाचायला लावलं, सुई ओवायला लावली. मग माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी सहज विचारलं, “तुले काही विचारायचं का, पोरी?” असं विचारलं, की मुलीने मान खाली घालून नाही म्हणायचं असतं. त्या बावळटीने मान वर केली आणि विचारलं, “समुद्र तुमच्याकडून किती लांब आहे?”

माझ्या काकांचा चहा बशीतून सांडला. पाहुण्यांत कोणी खोकलं, कोणी हसलं. मुलगा तेवढा हसला नाही. त्याने खरोखर विचार केला आणि म्हणाला, “तापी जवळ आहे. ती तठीच जाते.”

एवढ्या उत्तरावर मी होकार दिला. आईला बरंच वाटलं. ती आमच्या बोलीत म्हणाली, “तठे बठ्ठं हिरवंगार शे. तू सुखी ऱ्हाशी.” बठ्ठं, म्हणजे सगळं, हिरवंगार होतं, यात शंका नाही. पण मे महिन्यात त्या हिरव्यागारात अशी आग होते, की केळीची पानंसुद्धा माना टाकतात. तापी जवळ होती हेही खरं. ती जायची तिकडे जात होती, आम्हाला न घेता. आणि तो धुळ्याचा कारकून? त्याची बायको दोनदा कन्याकुमारी बघून आली, असं मला एका लग्नात कळलं. मी त्या दिवशी जिलेबी टाकून उठले.

खरी फजिती पहिल्याच वर्षी झाली. कापसाच्या गावात फाल्गुनात वेचणी संपते, शेवटची बोंडं खुडून झाली की तिथे म्हणतात, उलंगवाडी झाली. मग मृगापर्यंत माणूस मोकळा. लग्नं त्याच दिवसांत, देवदर्शनं त्याच दिवसांत, रुसवेफुगवेही त्याच दिवसांत. मला वाटलं, शेती म्हणजे शेती, सगळीकडे असंच असणार. म्हणून माघात मी गप्प राहिले, शहाण्या सुनेसारखी. फाल्गुन लागला तशी ट्रंक काढली. चार लुगडी, ह्यांचे दोन सदरे, टॉवेल, खोबरेल तेल. दशम्या केल्या, तिळाची चटणी कुटली. आणि सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिले.

“आता उलंगवाडी झाली ना. आम्ही दोघं समुद्राला जाऊन येतो.”

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “काह्याची उलंगवाडी, माय?”

“केळीची.”

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि डोळ्यांना पदर लावून हसल्या. “अवं, केळीची कधी उलंगवाडी राह्यते का? एक बाग कापली का दुसरी निसवते. दुसरी कापली का तिच्याच बुडाशी पिलं उभी राह्यतात. केळी म्हंजे तान्हं पोर, वर्षभर कडेवर. तुह्या मायनं तुले सांगलं नही?”

निसवणं म्हणजे केळीला घड बाहेर पडणं. एका बागेतली झाडंही एका दिवशी निसवत नाहीत. आज हे, परवा ते, महिनाभर चालतं. मला काय माहीत? माझ्या आईला तरी काय माहीत? ती कापसाची. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. हळदीकुंकवाला गेले की बायका सरकून जागा देत आणि म्हणत, “या, समुद्रावाल्या!” पहिलं मूल होईपर्यंत मला तेच नाव होतं. दशम्या आम्ही दोघांनी बागेत बसून खाल्ल्या. ह्यांनी चार खाल्ल्या आणि म्हणाले, “समुद्रावर जाऊन खाल्ल्या तरी अशाच लागल्या असत्या.” समजूत काढायची ह्यांची पद्धत अशी.

पुढे मुलगा शाळेत गेला आणि घरात नकाशांचं पुस्तक आलं. तेव्हा विजेचा भरवसा नसे. दुपारी आम्ही दोघं बागेतल्या पंपाच्या खोलीपाशी लाईटची वाट बघत बसायचो. ती आली की मोटर चालू करायची. अशा वेळी मी ते पुस्तक घेऊन जायची. समुद्राच्या निळ्या पानावर मोहरीएवढे ठिपके. मी एकेकावर बोट ठेवायची आणि ह्यांना सांगायची, इथे असं आहे, तिथे तसं आहे. ठिपक्याखाली नाव असे, बाकी सगळं माझ्या पदरचं. एका बेटावर मी माशांचा बाजार भरवला, एकावर मला आवडत नसलेल्या जावेला पाठवून दिलं. एकावर आम्हा दोघांचं घर बांधलं, दोन खोल्यांचं, दार समुद्राकडे. हे गुडघ्याभोवती हात बांधून ऐकायचे. दरवर्षी थंडीत आम्ही एक बेट ठरवायचो. दरवर्षी कुठली तरी बाग निसवायची. मला वाटायचं, माझ्याइतकीच ह्यांचीही आस आहे आणि केळी मधे येतात.

आता ते उरलेलं अर्धं.

माझा धाकटा भाऊ दीपनगरला, वीज केंद्रात होता. तिथल्या कॉलनीत तिन्हीत्रिकाळ लाईट, पोरांना बाग, आणि दोन-चार वर्षांतून एकदा लांबच्या प्रवासाची सवलत. एका दिवाळीत त्याने आणि त्याच्या दोघा मित्रांनी अंदमानचा बेत केला. भुसावळहून मद्रासची गाडी, तिथून तीन दिवसांचं जहाज. तो मुद्दाम आमच्या गावी आला.

“अक्का, तुम्ही दोघं चला. किती वर्षं ऐकतोय तुझं समुद्र, समुद्र. एकदाचं बघून घे आणि आमचे कान मोकळे कर.”

हे ‘बरं’ म्हणाले. लगेच म्हणाले. तिकिटं निघाली. मी भुसावळला जाऊन आकाशी रंगाची साडी घेतली, समुद्राला शोभेल अशी. पाच दिवस राहिले असताना व्यापारी दारात. माल तयार आहे, सण तोंडावर आहे, बुधवारी कापतो म्हणाला. आमची गाडी मंगळवारची. तयार केळी झाडावर थांबत नाहीत, हे एव्हाना मलाही कळत होतं.

हे घरात आले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. म्हणाले, “तू जाय. भाऊ आहे, भावजय आहे. मी कापणी उरकतो. तू ये पाहून.”

एवढं सरळ म्हणाले. आणि ती छत्तीस वर्षांची बाई, दोन पोरांची आई, तिने काय करावं? तिने हनुवटी वर केली आणि सासूबाईंना आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “मी नाही जात एकटी. केळी काय माझी नाहीत?”

सासूबाई आतून म्हणाल्या, “शहाणी गं माझी माय.” शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, बाई असावी तर अशी. चार दिवस मी नुसती तरंगत होते. पाचव्या दिवशी, मंगळवारी, भावाची गाडी सुटायची वेळ झाली. तेव्हा मी ट्रंकेतून ती आकाशी साडी काढली, नेसले आणि कापणीच्या तयारीला बागेत गेले. रागाने. कोणावर, ते विचारू नका. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो आणि तो जन्मात जात नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच नेसले. संध्याकाळपर्यंत साडीवर डागच डाग. मग पुढची कितीतरी वर्षं, कोणी समुद्राचं नाव काढलं की मी ती साडी बाहेर आणायची. “बघा, समुद्राला नेसायची होती. केळीने अडवलं.” बायका हळहळायच्या. भावजयीने अंदमानहून शंख आणले होते. तिच्या शंखांपेक्षा माझ्या डागांना जास्त गिऱ्हाईक होतं.

‘तू जाय’ म्हटलं होतं, हे मी कोणालाच सांगितलं नाही.

तर शनिवारी सकाळी मी रिक्षाने स्टँड गाठलं आणि यावलची एसटी धरली. सून म्हणाली, फोन करा ना आई. पण फोनवर हे दोन शब्द बोलतात, त्यांतला एक ‘बरं’ असतो. गावात उतरले, घराला कुलूप, म्हणजे बाग. बागेत शिरले की आधी गारवा लागतो, मग ओल्या मातीचा वास. आणि पाचव्या ओळीत वाकून नळी तपासत असलेला म्हातारा.

“अवं! तू कुठी आली? पोरगा कुठी आहे?”

“एकटीच आले. एसटीने, अर्ध्या तिकिटात. तुम्हाला तर फुकट आहे, तरी येत नाही.”

“डोळ्यानं दिसतं का आता नीट?”

“तुमचा सदरा उलटा आहे, तेवढं दिसतं.”

त्यांनी खाली पाहिलं. होता उलटा. तसाच राहू दिला.

पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसलो. आता पायरीला सिमेंट लागलंय, पंप मोबाईलवरून चालू होतो. मी तिन्ही बेटांचं सांगितलं, मुलाचं, सुनेचं, नातीचं. चिठ्ठ्यांचं सांगितलं तेव्हा ते हसले. मग मी म्हटलं, “पोरं विचारतायत, आबा येतात का.”

“थंडीत पानावर करपा येतो. राखण लागते. तू जाय.”

“मागेही असंच म्हणाला होतात.”

“मंग? म्हटलंच होतं. तू गेली नही.”

त्यांनी पायाजवळचं वाळलेलं पान उचललं, दोन तुकडे केले.

“साऱ्या गावाले सांगत फिरली, केळीनं अडवलं. डाग दाखोत फिरली. मी काही बोललो का?”

इतकी वर्षं! मला वाटत होतं, हे विसरले. किंवा त्यांनी ऐकलंच नसेल. पुरुषांना बायकांच्या गप्पा ऐकू येत नाहीत असा माझा समज. माझे कान तापले. लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा तापले नव्हते इतके.

“का नाही बोललात?”

“तुले बरं वाटत होतं ना.”

मी पदराने चष्मा पुसला, तो स्वच्छ असताना. आणि पुसता पुसता एक गोष्ट ध्यानात आली, ती आधी कशी आली नाही कोण जाणे. बावन्न वर्षांत मी ह्यांना कधी ‘चला’ म्हटलंच नव्हतं. आमच्याकडे बायका असं म्हणत नाहीत. म्हणायचं ते असं: भाऊ म्हणतोय, जाऊ या. लोक जातात म्हणे. पोरांना बघायला मिळेल. मनातलं मागणं नेहमी दुसऱ्याच्या तोंडी घालायचं, आणि कोणाला ते कळलं नाही, की रुसायचं. आताही मी तेच केलं होतं. ‘पोरं विचारतायत.’

म्हणून म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

“पोरांचं राहू द्या. मी म्हणतेय. तुम्ही चला माझ्याबरोबर. मला ते एकटीने नाही बघायचं, तुमच्याबरोबर बघायचं आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बागेकडे. कुठे तरी पान फाटल्याचा आवाज झाला, वाऱ्याने केळीची पानं फाटतात तसा.

“नही व,” ते म्हणाले.

“करपा?”

“करप्याचं नही. फवारा कोणी बी मारील.” त्यांनी हातातले पानाचे तुकडे खाली टाकले. “मले जाऊशी वाटत नही. खरं सांगू का? कधीच वाटलं नही.”

“कधीच? मग ते नकाशाचं पुस्तक घेऊन बसायचो ते? घर बांधलं होतं आपण. दार समुद्राकडे ठेवलं होतं.”

“ते तू सांगायची. तू सांगायची ते मले ऐकाले आवडे.”

राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. त्याऐवजी आत काही तरी हळूच खाली बसलं. मी त्या दोन खोल्यांत आम्हा दोघांना किती वर्षं ठेवलं होतं! सकाळी हे पुढे, मी मागे, वाळूतून चालायचो. संध्याकाळी दारात बसायचो. म्हणजे हे तिथे कधी आलेच नव्हते. हे इथेच या पायरीवर होते, माझं तोंड बघत. तिकडे मी एकटीच होते आणि शेजारच्या रिकाम्या जागेशी बोलत होते. आणि इकडे एक माणूस माझ्याशेजारी बसलेला होता, त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं.

“पंचाहत्तरी उलटल्यावर सांगायचं का हे?” मी म्हटलं.

“तू आज विचारलं.”

खरंच की.

ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत कोणी कोणी विचारलं, “काय अक्का, आज इकडं?” तर हे परस्पर म्हणाले, “ती समुद्राले चालली.” अभिमानाने म्हणाले की चेष्टेने, ते मला बावन्न वर्षांनीही सांगता येणार नाही. एसटी आली. पिशवीत त्यांनी केळीची एक फणी घातली होती, हिरवी, चार दिवसांत पिकेल अशी. मी खिडकीतून म्हटलं, “बेटावर केळी असतात.”

“अशी नसतील,” ते म्हणाले. आणि मग, गाडी हलल्यावर, थोडं मोठ्याने, “या वेळी जाय बरं का!”

रविवारी जेवणं झाल्यावर तिघं माझ्यासमोर बसले. नातीच्या मांडीवर लॅपटॉप.

“अंदमान नको,” मी म्हटलं.

मुलगा दचकला. “आई, तुझंच तर ते! लहानपणापासून ऐकतोय आम्ही.”

“म्हणूनच नको. तक्रार करकरून मी ते झिजवून टाकलंय. तिथे गेले तर समुद्र बघायचा सोडून जुनं उगाळत बसेन.”

सुनेचा चेहरा उजळला. “मग बाली?”

“बालीला मी मेल्यावर जा. नाही तर पुढच्या वर्षी जा, मला घेऊन. पासपोर्ट काढू, फोटोला मी नवीन साडी नेसेन.”

“म्हणजे लक्षद्वीप!” नात ओरडली. तिने पडदा माझ्याकडे वळवला. निळ्या पाण्यात एक लांबट, चिंचोळी पट्टी, भेंडीच्या शेंगेसारखी. म्हणाली, कोचीहून छोटं विमान जातं. काही ठिकाणी ते बेट इतकं अरुंद आहे, की मधे उभं राहिलं तर दोन्हीकडे समुद्र दिसतो.

“दोन्हीकडे?”

“हो. या बाजूलापण आणि त्या बाजूलापण.”

मी त्या पट्टीकडे बघत राहिले. बसले, की एका अंगाला समुद्र असेल. दुसऱ्या अंगाला माणूस नसेल, पण तिथेही समुद्र असेल. बरं आहे, असं वाटलं. बरं आहे असं वाटलं, तरी डोळे भरले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांतून पाणी येतं, असं मी सुनेला सांगितलं.

“हेच,” मी म्हटलं.

“आणि आजी, किती जणं?”

मुलाने हातातला फोन खाली ठेवला. त्याला ठाऊक होतं, की मी काल गावी जाऊन आले; विचारलं मात्र नव्हतं. ‘पाच’ हा शब्द जिभेवर आला होता. पाच म्हटलं असतं, तर एक जागा तिकिटात तरी ह्यांची झाली असती, शेवटच्या दिवशी रद्द करेपर्यंत. आणि मग मीही रद्द केलं असतं, एवढी मी स्वतःला ओळखते.

“चार,” मी म्हटलं.

नात भराभर टाइप करू लागली. माझं वय विचारलं तेव्हा मी दोन वर्षं कमी सांगितली. ती म्हणाली, आजी, आधार कार्डावर आहे ते. मग पडद्यावर विमानातल्या जागांचे चौकोन आले, दोन-दोनच्या रांगा.

“खिडकी?”

“खिडकी.”

“शेजारी कोण बसू? मी की मम्मी?”

“मम्मीला बसव. ती सारखे फोटो काढेल, माझ्याकडे बघणार नाही,” मी म्हटलं. सून हसली. माझ्या चौकोनाशेजारचा चौकोन भरला. मी उठून स्वयंपाकघरात गेले, फणीतलं कुठलं पिकलंय का ते दाबून बघितलं. अजून कच्चीच होती.